यकृताचें दप्तर : जेवण, उपवास आणि व्यालेली गाय

रात्रीं आठ वाजतां भाकरी खाऊन निजलेला मधुमेही गृहस्थ सकाळीं उठतो, तोंडांत कांहीं न घालतां रक्त तपासून घेतो, आणि साखर निजतेवेळच्यापेक्षां अधिक निघते. हा अनुभव आमच्या मंडळाच्या कित्येक सभासदांस आला असेल. मध्यरात्रीं ही साखर आणून कोणी घातली, असा त्यांस प्रश्न पडतो. आणि घरची मंडळी चोरून गूळ खाल्ल्याचा संशय घेऊन मोकळी होतात. तिकडे गोठ्यांत नुकतीच व्यालेली गाय आंबोण सोडून नुसता कडबा चघळूं लागते, दूध एकाएकीं उतरतें, आणि तिला दृष्ट लागली असें ठरतें. या दोन गोष्टींचा एकमेकींशीं संबंध असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु दोहोंचें मूळ एकाच अवयवांत, म्हणजे यकृतांत आहे. पोट भरलेलें असतां यकृत कोणतें काम करतें, रिकामें असतां कोणतें करतें, आणि काम बदलण्याचा हुकूम त्यास कोठून व कसा मिळतो, हें कळल्यावांचून या कोड्यांचा उलगडा होत नाहीं. तेंच येथें सांगण्याचें योजिलें आहे.

मनुष्याचें यकृत सुमारें दीड किलो वजनाचें असून उजव्या बरगड्यांच्या आडोशास असतें. आंतड्यांतून अन्नरस घेऊन निघालेलें रक्त सर्व शरीरांत जाण्यापूर्वीं एका मोठ्या शिरेवाटें प्रथम यकृतांत येतें. बाजारांत आलेला माल जसा आधीं काट्यावर चढतो, तसा हा अन्नरस आधीं यकृताच्या हातून जातो. कोणता माल तसाच पुढें पाठवावयाचा, कोणता कोठारांत ठेवावयाचा व कोणत्याचें रूप पालटावयाचें, हें येथें ठरतें.

कोठाराची गरज किती मोठी आहे, तें आंकड्यांवरून दिसेल. प्रौढ मनुष्याच्या सर्व रक्तांत मिळून एका वेळीं साखर असते सुमारें ५ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या तोळ्याहूनही कमी. एकट्या मेंदूला मात्र दिवसाकांठीं सुमारें १२० ग्रॅम साखर लागते. दर क्षणीं खर्च होणारी ही साखर दर क्षणीं भरून कोण काढतो? फ्रान्समधील शास्त्रज्ञ क्लॉड बर्नार यानें १८४८ च्या सुमारास असें दाखविलें कीं, ज्या जनावरास साखर मुळींच खाऊं घातली नाहीं, त्याच्याही यकृतांतून बाहेर पडणाऱ्या रक्तांत साखर असते. पुढें १८५७ सालीं त्यानें यकृतांतील सांठ्याचा पदार्थ वेगळा काढला व त्यास ग्लायकोजेन हें नांव दिलें. हें एक प्रकारचें पिष्टच होय. ज्वारीच्या दाण्यांत पीठ असतें, तसें यकृतांत हें असतें. भरपेट जेवणानंतर हा सांठा सुमारें १०० ग्रॅम होतो. म्हणजे मेंदूच्या एका दिवसाच्या खर्चासही तो पुरा पडत नाहीं. एक अहोरात्र कडक उपवास घडला कीं कोठाराचा तळ दिसूं लागतो.

तरी उपाशी मनुष्य दुसऱ्या दिवशीं जिवंत असतो. याचें कारण यकृत नवी साखर तयार करतें. स्नायूंतील प्रथिनें मोडून आलेलीं द्रव्यें, श्रमानें स्नायूंत सांचलेलें दुग्धाम्ल, आणि चरबी वितळतांना तींतून सुटणारें ग्लिसरीन, हा त्याचा कच्चा माल. त्याबरोबरच तें चरबी जाळून त्या उष्णतेवर हें काम चालवितें, आणि चरबीपासून केटोन नांवाचीं द्रव्यें बनवून साखरेच्या जोडीस मेंदूकडे पाठवितें. जेवणानंतर याच यकृताचें काम अगदीं उलट असतें. साखर बनविणें बंद, ग्लायकोजेनचें कोठार भरणें सुरू, आणि कोठार भरून उरलेल्या साखरेची चरबी करणें सुरू. सकाळीं जो कारखाना साखर बनवितो, तोच दुपारीं साखर मोडून चरबी बनवितो. यंत्रें कोण बदलतो?

आमची हयात दप्तरांत गेल्यामुळें दृष्टान्त तेथलाच सुचतो. प्रत्येक पेशीच्या केंद्रांत डीएनए नामक द्रव्याचा एक ग्रंथ असतो. त्यांत सुमारें २०,००० पानें आहेत असें समजावें. एकेका पानास जनुक म्हणतात. दर पानावर एकेक प्रथिन बनविण्याची कृति लिहिलेली असते. रेकॉर्डखोलींतील मूळ कागद जसा बाहेर नेऊं देत नाहींत, तसा हा ग्रंथ केंद्राबाहेर जात नाहीं. ज्या पानाचें काम असेल त्याची नक्कल निघते. नक्कल बाहेर जाते, आणि तिच्यावरून प्रथिन तयार होतें. यांतील जीं प्रथिनें रासायनिक कामें घडवून आणतात, त्यांस विकरें म्हणतात. डोळ्याच्या, स्नायूच्या व यकृताच्या पेशींत ग्रंथ एकच असतो. परंतु कोणत्या पानाची नक्कल काढावयाची, किती काढावयाच्या आणि केव्हां थांबावयाचें, यांत सर्व भेद आहे. जनुकांचें नियमन म्हणतात तें हेंच. फ्रान्समध्येंच जाकोब व मोनो यांनीं १९६१ सालीं आंतड्यांतील एका जंतूवर हें सिद्ध केलें. दुधांतील साखर समोर आली म्हणजे तो जंतु ती पचविण्याचें पान उघडतो, नसेल तेव्हां मिटून ठेवतो.

एक भेद मात्र ध्यानांत ठेवला पाहिजे. कचेरींतून घेतलेली नक्कल पेटींत पिढ्यान् पिढ्या राहते; पेशींतील नक्कल तशी टिकाऊ नसते. नवी साखर बनविण्यास लागणाऱ्या एका मुख्य विकराची नक्कल सुमारें अर्ध्या तासांत निम्मी नाहींशी होते. वरून हुकूम येत राहील तोंवरच काम चालावें, अशी ही व्यवस्था आहे.

आतां हुकूम कोठून येतो तें पाहूं. जठराच्या मागें स्वादुपिंड म्हणून अवयव आहे. जेवणानें रक्तांतील साखर वाढली कीं तो इन्सुलिन सोडतो. पोट रिकामें राहून साखर उतरूं लागली कीं ग्लुकागॉन सोडतो. दोन्ही द्रव्यें प्रथम यकृतासच पोंचतात. दोघांपैकीं कोणीही पेशीच्या केंद्रांत शिरत नाहीं. दोघेही दारावर थाप मारतात, आणि आंतील निरोपे निरोप पुढें नेतात.

उपवासांत ग्लुकागॉनची थाप पडली कीं निरोप केंद्रांतील क्रेब नांवाच्या प्रथिनापर्यंत जातो. तें ग्रंथावर साखर बनविण्याच्या पानांच्या माथ्यावर बसलेलें असतें. निरोप मिळतांच तें कामास लागतें आणि नकला निघूं लागतात. फॉक्सो-१ नांवाचें दुसरें प्रथिन याच कामांत त्याचा जोडीदार असतें. जेवण झालें, इन्सुलिनची थाप पडली, कीं या फॉक्सोवर फॉस्फेटचा शिक्का मारला जातो आणि शिक्का बसतांच त्यास केंद्राबाहेर घालविलें जातें. कारकूनच खोलीबाहेर गेल्यावर नक्कल कोण काढणार? जुन्या नकला तासा-दोन तासांत संपतात, आणि साखर बनविण्याचें काम उतरतें. त्याच वेळीं इन्सुलिन एसआरईबीपी-१सी नांवाच्या तिसऱ्या कारकुनास आंत बोलावतें. तो चरबी बनविण्याचीं पानें उघडतो. उपवास लांबला तर चौथा येतो, त्याचें नांव पीपीएआर-आल्फा. याला हुकूम देणारी गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. अंगावरची चरबी वितळून जीं मेदाम्लें यकृतांत येतात, तींच यास जागें करतात. जळण दारांत येऊन पडलें कीं भट्टी पेटविणारा आपोआप उठतो, असा हा प्रकार. हें प्रथिन जन्मतःच नसलेल्या उंदरांवर १९९९ सालीं प्रयोग झाले. पोटभर खाऊन ते उंदीर ठीक राहत. एक दिवस उपाशी ठेवतांच त्यांच्या यकृतांत चरबी सांचे, केटोन पुरेसे बनत नसत आणि रक्तांतील साखर धोक्याइतकी खालीं जाई.

यांत दोन वेग आहेत. कोठारांतील ग्लायकोजेन काढणें किंवा भरणें हें तयार विकरांचें काम असून तें कांहीं मिनिटांत पालटतें. जनुकांचीं पानें उघडून नवीं विकरें उभीं करण्यास तास लागतात. कोठारांतला माल आहे तोंवर नवा कारखाना उभा राहावा, अशी सांगड आहे. ती जेथें तुटते तेथें प्राणावर बेततें; त्याचें उदाहरण पुढें येईलच.

आधीं सकाळच्या साखरेचें. प्रौढपणीं जडणाऱ्या नेहमींच्या मधुमेहांत इन्सुलिन असतें, पण यकृत त्याचा हुकूम पुरता मानीत नाहीं. फॉक्सो खोलीबाहेर जावयाचा तो आंतच राहतो, साखर बनविण्याचीं पानें रात्रभर उघडीं राहतात, आणि निजलेल्या मनुष्याच्या रक्तांत त्याचेंच यकृत साखर ओततें. पहाटे शरीरांतील कांहीं इतर रसही साखर वाढविण्याच्या बाजूस असतात. तेव्हां घरच्यांनीं गुळाच्या डब्यावर पहारा ठेवून सर्व उलगडा होणार नाहीं. मेटफॉर्मिन हें औषध मुख्यतः यकृताच्या याच साखर बनविण्याला आळा घालतें.

याहून विलक्षण गोष्ट अशी कीं, असें यकृत हुकुमाचा अर्धाच भाग धुडकावतें. साखर बनविणें थांबव, हें तें ऐकत नाहीं; चरबी बनव, हें मात्र निमूटपणें ऐकतें. अमेरिकेंतील ब्राउन व गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांनीं २००८ सालीं या विसंगतीकडे विशेष लक्ष वेधलें. मधुमेह आणि यकृतावरील चरबी पुष्कळदां एकाच घरांत, एकाच अंगांत दिसतात, त्याचें एक कारण हें. दारूच्या थेंबास न शिवलेल्या मनुष्याचें यकृत मेदानें कसें भरतें, याचें नवल करणाऱ्यांनीं फ्रान्समधील बदकें व हंस पाहावे. तेथें त्यांच्या घशांत नळीनें मका कोंबतात, आणि थोड्याच आठवड्यांत यकृत चरबीनें कित्येक पट फुगतें. तें महागड्या पक्वान्नाच्या भावानें विकतात. मका म्हणजे पीठ; त्याची चरबी त्या पक्ष्याच्या यकृतानें केली. आम्हांस हा धंदा अघोरी वाटतो, आणि भारतानें २०१४ सालीं या पदार्थाची आयात बंद केली, हें योग्यच झालें.

आतां उपवास. यकृत पंचांग पाहत नाहीं. तें इन्सुलिन व ग्लुकागॉन पाहतें. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी आणि वर केळें, हें यकृताच्या लेखीं पुरतें जेवण आहे, कारण साबुदाणा म्हणजे जवळ जवळ निव्वळ पीठ. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण ज्यानें रचली त्यास विकरें ठाऊक नव्हतीं, पण हिशेब ठाऊक होता. व्रताचें पुण्य हा आमचा विषय नव्हे. मात्र इन्सुलिन टोंचून घेणाऱ्यांनीं, किंवा स्वादुपिंडास इन्सुलिन सोडावयास लावणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनीं, डॉक्टरांस विचारल्यावांचून निरंकार उपवास करूं नये. बाहेरून आलेलें इन्सुलिन पोट रिकामें आहे हें जाणत नाहीं. तें यकृताचें साखर बनविणें बंदच ठेवतें. उपाशीपोटीं दारू पिण्याचाही परिणाम तसाच. दारू पचविण्याच्या कामांत यकृत गुंतलें कीं नवी साखर बनविण्याचें काम अडतें, आणि कोठार आधींच रितें असेल तर मनुष्य बेशुद्ध पडतो. लोक समजतात कीं तो झिंगला आहे.

वेळेचाही प्रश्न आहे. शेतीपंपांस रात्रींची वीज मिळते तेव्हां आमच्यांतील पुष्कळजण मध्यरात्रीं पाणी धरावयास जातात व अवेळीं खातात. जिनिव्हा येथें २००० सालीं असें दिसून आलें कीं, रात्रीं खाणाऱ्या उंदरांस केवळ दिवसां अन्न दिलें तर कांहीं दिवसांत त्यांच्या यकृतांतील जनुकांचें घड्याळ उलटें फिरतें, पण मेंदूचें घड्याळ जागचें हलत नाहीं. मनुष्यांतही असेंच सर्व होतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण एका अंगांत दोन घड्याळें दोन वेळा दाखवूं लागलीं तर सुख नाहीं, एवढें उघड आहे.

कोठार व कारखाना यांची सांगड तुटल्याचें जें उदाहरण वर म्हटलें, तें बिहारमधील मुझफ्फरपूरचें. तो प्रांत लिचीच्या बागांचा. तेथें १९९५ पासून पुष्कळ वर्षें मे-जून महिन्यांत, लिचीच्या हंगामांत, लहान मुलें पहाटेच्या सुमारास आंचके येऊन बेशुद्ध पडत व दगावत. २०१४ च्या हंगामांत तेथील दोन रुग्णालयांत अशीं ३९० मुलें दाखल झालीं, त्यांतील १२२ मेलीं. जंतूचा शोध लागेना. भारत व अमेरिका येथील सरकारी रोगनियंत्रण संस्थांच्या वैद्यांनीं मिळून केलेली तपासणी २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. तींत दोन गोष्टी पुढें आल्या : आजारी मुलांनीं लिची खाल्ली होती, आणि त्यांच्यांत रात्रीं न जेवतां निजलेलीं मुलें अधिक होतीं. लिचीच्या गरांत अशीं दोन द्रव्यें असतात कीं, तीं यकृतांत चरबी जाळण्याचें काम अडवितात. आपल्याकडील रिठा, आणि जमेकांत ज्याच्या कच्च्या फळानें अशीच विषबाधा होते तें अकी, हीं लिचीच्याच कुळांतलीं.

आतां वरची हकीकत जोडून पाहा. लहान मुलाचें यकृत लहान, मेंदू अंगाच्या मानानें मोठा, आणि तें मूल कुपोषित असेल तर कोठार आधींच अर्धें. रात्रीं जेवण नाहीं, म्हणून पहाटेपर्यंत ग्लायकोजेन संपलें. यकृतानें हुकुमाप्रमाणें पानें उघडलीं, नकला काढल्या, विकरें उभीं केलीं. पण लिचीच्या विषानें भट्टीच पेटूं दिली नाहीं. चरबीची उष्णता नाहीं, म्हणून नवी साखर नाहीं. केटोनही पुरेसे नाहींत. मेंदू दोहोंकडून उपाशी राहिला. दिवसभर बागेंत पडलेलीं फळें वेंचून खाणारें, पण रात्रीं पोटभर जेवलेलें मूल सहसा या फेऱ्यांत सांपडत नाहीं. मुलांस रात्रीं जेवल्यावांचून निजवूं नये, लिची बेतानें द्यावी आणि आजारी मुलास ताबडतोब साखर द्यावी, असा उपदेश गांवोगांव केल्यावर आंकडा पुष्कळ उतरला. २०१९ सालीं मात्र पुन्हां शंभराहून अधिक मुलें गेलीं. त्या वर्षीं कडक उन्हाचाही हात होता असें कांहीं वैद्यांचें मत आहे. पण रात्रींच्या भाताचें महत्त्व त्यानें कमी होत नाहीं.

शेवटीं गोठ्याकडे वळूं. गाय-म्हैस यांच्या यकृताचें दप्तर निराळ्या पद्धतीनें चालतें. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यांत असंख्य सूक्ष्म जंतु वैरण व दाणा आंबवितात. पीठ व साखर बहुतेक त्यांच्याच हातीं लागते. गाईच्या वांट्यास येतात तीं असेटिक, प्रोपिओनिक व ब्युटिरिक हीं आम्लें. म्हणून भरपेट खाल्लेल्या गाईच्याही आंतड्यांतून रक्तांत साखर फारच थोडी जाते. तिला लागणारी साखर तिचें यकृत मुख्यतः प्रोपिओनिक आम्लापासून अहोरात्र बनवीत असतें. मनुष्य जेवला कीं साखर बनविण्याचें पान मिटतें. गाय जेवली कीं कच्चा माल येऊन तेंच काम वाढतें. हें आम्ल स्वतःच त्या कामाचें एक पान उघडण्यास साह्य करतें, असेंही प्रयोगांत आढळलें आहे.

दुधांतील साखर याच साखरेपासून होते. एक लिटर दुधामागें गाईस सुमारें ७२ ग्रॅम ग्लुकोज लागतें असा हिशेब आहे. म्हणजे १५ लिटर देणाऱ्या संकरित गाईच्या यकृतानें नुसत्या दुधासाठीं रोज एक किलोहून अधिक साखर बनविली पाहिजे. व्याल्यावर पहिले कांहीं आठवडे दूध झपाट्यानें चढतें, पण भूक मागें राहते. मग अंगावरची चरबी वितळून यकृताकडे धांवते. ती पूर्ण जळण्यास जें द्रव्य हवें, तेंच साखर बनविण्यांत खर्च होत असतें. चुलींत लांकडें फार आणि हवा थोडी, अशी अवस्था होऊन चरबी अर्धवट जळते व केटोन वाढतात. गाईचें यकृत चरबी बाहेर धाडण्यांतही मंद. उरलेली तेथेंच सांचते. गाय प्रथम आंबोण सोडते, कडबा खात राहते, शेण घट्ट होतें, पाठ उतरते, आणि श्वासास किंवा दुधास गोडसर वास येतो. या आजारास किटोसिस म्हणतात. आटलेल्या काळांत खुराक चारून लठ्ठ केलेली गाय यांत आधीं सांपडते. व्याण्यापूर्वीं जनावर गुबगुबीत करण्याची आमच्याकडील हौस येथें महागांत पडते.

गूळ चारून ही साखर भरून निघेल असा पुष्कळांचा समज आहे. थोड्या गुळास हरकत नाहीं, पण तो साखर म्हणून रक्तांत पोंचत नाहीं. जंतु त्यास पहिल्या कप्प्यांतच आंबवितात, आणि फार दिला तर पोट आंबट होऊन उरलीसुरली भूक जाते. लघवीची किंवा दुधाची पट्टीवर तपासणी करून पशुवैद्य रोग ओळखतात व शिरेंतून ग्लुकोज देतात. त्यानें गाय लवकर मान वर करते. परंतु तें ग्लुकोज कांहीं तासांत संपतें, आणि यकृताची तूट तशीच राहते. म्हणून ते तोंडावाटें प्रॉपिलीन ग्लायकॉल कांहीं दिवस पाजण्यास सांगतात. त्याचा कांहीं भाग तसाच रक्तांत शोषला जातो, कांहीं भागाचें प्रोपिओनिक आम्ल होतें, आणि दोन्ही यकृतास साखर बनविण्याच्या कामीं येतात. गाय आंबोण खाऊं लागली म्हणून सांगितलेल्या दिवसांच्या आधींच बाटली कोनाड्यांत ठेवून दिली, तर आठवड्याच्या आंत तीच गाय पुन्हां आंबोणास तोंड लावीनाशी होण्याचा संभव फार असतो.